काडेपेटीतला ऐवज

१५ ऑक्टोबर १९५९

देश स्वतंत्र होऊन बारा वर्षे झाली आणि आज सकाळपासून मला एक विडी पेटवता आलेली नाही, हे मी इथे गंभीरपणे नोंदवून ठेवतो. काड्या घरात आहेत. त्या पडवीत एका करवंटीत मोकळ्या पडल्या आहेत. पेटी नाही. मी काडी दगडावर घासली, भिंतीवर घासली, वहाणेच्या तळव्यावर घासली. आजकालच्या काड्या पतिव्रता असतात, स्वतःच्या पेटीशिवाय कुणाशी पेटत नाहीत. चुलीत निखारे आहेत, पण चूल स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरात माझी भावजय, आणि भावजय आत असताना थोरल्या दिराने उंबरठा ओलांडायचा नाही, हा आमच्या घराचा कायदा. तो कुणी केला ठाऊक नाही. मोडणारा मात्र अजून जन्मला नाही.

पेटी कुठे गेली ते सांगतो. माझ्या पोटाची तक्रार जुनी. जेवलो की फुगतो, न जेवलो की चिडतो. वेंगुर्ल्याच्या साप्ताहिकात मी जे चिमटे काढतो त्यांतले निम्मे माझे नसून माझ्या पोटाचे आहेत. म्हणून काल कट्टा गावच्या बाजारात नव्या डॉक्टरांकडे गेलो. घाटावरचे, तरुण, मिशी अजून पुरती भरलेली नाही, पण टेबलावर सूक्ष्मदर्शक दुर्बीण. त्यांनी माझी जीभ पाहिली. ती पाहायला लोक साप्ताहिक विकत घेतात, यांनी फुकट पाहिली. मग विचारले, "घरात आणखी कोण?"

म्हटले, "धाकट्या भावाची बायको. भाऊ मुंबईला. मी विधुर. आणि एक मांजर."

"भावजयीची तब्येत?"

म्हटले, "पिठासारखी पांढरी पडली आहे. विहिरीवरून एक कळशी आणताना दोनदा खाली बसते."

"दोघांचंही शौच तपासू. परवा सकाळचं, बोराएवढं, रिकाम्या काडेपेटीत घेऊन या. पेटीवर नाव घाला."

घाटावरच्या माणसाला काय सांगणार? माझी भावजय नर्मदा या घरात आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द थेट बोललेली नाही. बोलते ती मांजराशी. "सुंठये, सांग थोरल्यांका, पेज वाढलेली आसा." मीही सुंठीलाच उत्तर देतो. बिचारीने मुकाट्याने या घराचे टपालखाते चालवले आहे. पण हा निरोप मांजराच्याही तोंडी घालण्यासारखा नव्हता. शेवटी दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीला, कार्मीनला हाक मारली. तिचा नवरा कायतान बोटीवर आचारी, वर्षातले दहा महिने समुद्रावर; त्याच्या वाटणीचेही बोलणे कार्मीनच बोलते.

ऐकून ती म्हणाली, "देवा सायबा! आणि पेटी?"

"माझी एकच होती. ती मी माझ्यासाठी रिकामी केली."

"माझ्याकडली देतंय तिका. पण माका परत होयी हां, बाब. भरलेली."

१६ ऑक्टोबर

सकाळी पडवीच्या कठड्यावर पुडी. केळीच्या पानात गुंडाळलेली, सोपटाच्या दोरीने बांधलेली, देवाला न्यायच्या फुलपुडीसारखी. पान न सोडता वरच चिठ्ठी डकवून 'न' लिहिले, माझ्या पेटीवर 'द'. दोन्ही खिशात घातल्या आणि कट्ट्याच्या वाटेला लागलो.

बाजारात धोंडू हॉटेलवाला दारातच उभा, तोंडात न पेटवलेली विडी. माझा खिसा चौकोनी फुगलेला त्याला लांबूनच दिसला. "दत्तारामनू, जरा काडी दिया."

"नाही माझ्याजवळ."

"अरे, खिशात पेटी दिसता ती!"

"ती माझी नाही."

"मगे कोणाची?"

या प्रश्नाचे खरे उत्तर देणे शक्य नव्हते, खोटे सुचेना. मी चालू लागलो. मागून ऐकू आले, "दोन-दोन पेटये खिशात घालून फिरता आणि एक काडी देणा नाय! मुंबय खाऊन इलेलो माणूस असोच."

डॉक्टर बराच वेळ दुर्बिणीत डोळा घालून बसले. मग म्हणाले, "तुमच्या पोटात जंत आहेत. भरपूर." इतकी वर्षे मी समजत होतो, बायको गेल्यापासून मी एकटा जेवतो. आता कळले, पंगत होती.

"आणि ही?"

"ही ठणठणीत." ते जरा खट्टू झाले. "तुम्ही सांगता तो रंग आणि ही तपासणी जुळत नाही. पोट नसेल तर मग छाती पाहावी लागेल. रत्नागिरीला फोटो काढा."

छाती. हा शब्द डॉक्टर हळू बोलले, पण औषध घ्यायला बसलेल्या दोन बायकांनी तो नीट ऐकला. म्हणजे मी घरी पोचायच्या आधी तो वाडीत पोचणार.

२० ऑक्टोबर

मला जंतांवर जे औषध दिले आहे ते गोड आहे. आयुष्यात प्रथमच मला कुणी गोड करायचा प्रयत्न करते आहे.

आज मागीलदारी नर्मदा भिंतीकडे तोंड करून काहीतरी कुरतडत होती. वाटले, काजूगर. ती गेल्यावर पाहिले तर फुटक्या मडक्याची खापरी, कडेला दातांच्या खुणा. भाजलेली माती! गणपतीला घरात गुळात घोळलेले खाजे होते तेव्हा त्याला हात लावला नाही. माणसाची जीभ कुठे रमेल सांगता येत नाही.

तशीच तिची दुसरी तऱ्हा. मे महिन्यात माझ्या भावाने, सत्यवानाने, मुंबईहून तिच्यासाठी चपला आणल्या, चांगल्या चामड्याच्या. त्या माळ्यावर बुरशी खात पडल्या आहेत आणि ही माडांत, चिखलात, शेणात अनवाणी. आमच्याकडे परसाकडेलाही सगळे माडांच्या मुळाशीच जातात, तिथेही तशीच. हट्टी बाई.

२३ ऑक्टोबर

सत्यवानाचे पत्र. बातमी मुंबईला पोचली. वाडीतून कुणीतरी आधीच लिहिले. "दादा, खोकला नसला तरी क्षय आतून असतो म्हणतात. आमच्या खोलीतला एक जण असाच गेला. मला नाताळात रजा आहे. तोवर ती बरी नसेल तर रेडीला माहेरी पोचवतो. मग पुढचे बघू."

'पुढचे बघू' म्हणजे पुढचे कुणी बघणार नाही. रेडीला तिचा भाऊ लोखंडाच्या खाणीतल्या दगडाने होड्या भरतो. घरात खाणारी तोंडे त्याच्या हातांपेक्षा जास्त. आजारी म्हणून परत पाठवलेली बायको तिथे किती दिवस पाहुणी आणि कधीपासून ओझे, हे सांगायला ज्योतिषी नको. सत्यवान वाईट नाही, भ्यालेला आहे. वाईट माणसाशी भांडता येते, भ्यालेल्याशी नाही. त्याला बरी झालेली बायकोच दाखवावी लागेल.

तर नाताळ. तोवर ही बाई उभी करायची. रेडीला पाठवायची नाही. इथे लिहिले म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

पत्रातली गोष्ट सुंठीला सांगितली, मोठ्याने. आत भांडे घासण्याचा आवाज थांबला.

२४ ऑक्टोबर

सकाळीच कार्मीन गडगा ओलांडून आली. पदराने घाम पुसला, बसली, उठली, पुन्हा बसली. ही बाई गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होतो.

"बाब, एक सांगतंय. रागावचा नाय."

"रागावायला माझं पोट आता मोकळं आहे. बोल."

"ती पेटी... ती माझी."

"पेटी तुझीच होती. परत देईन म्हटलं ना."

"पेटी न्हय. आतला. आतला माझा."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"कित्याक बघतास तशे? नर्मदा रडाक लागली. म्हणता, थोरल्या दिराच्या हातात ह्या कसा दिवचा? ते खिशात घालून बाजारात जातले! त्यापरास मेलंय तर बरा. मगे मी म्हटलंय, रडा नको गो, तुझा नको तर माझा ने."

"अगो, पण त्यावर नाव होतं नर्मदेचं!"

"नावाक काय जाता? रेशनकार्डार माणसा मोजतत तशी मोजणी वाटली माका. घरात दोन माणसा, दोन पेटये भरूक होये. भरले." मग आवाज खाली आला. "ती काल रातभर रडली. रेडयेक धाडतले म्हणान. म्हणान इलंय."

मी हसू की ओरडू, ठरेना. डॉक्टरांनी ठणठणीत ठरवली ती कार्मीन! बरोबरच आहे. तिच्या पोटात जंतसुद्धा टिकायचे नाहीत. एकदा तिने तोंड उघडले की सामान बांधून निघत असतील.

ठरले असे. नर्मदा खरी पेटी भरून कार्मीनच्या हातात देईल. कार्मीन ती कट्ट्याला नेईल. मी रिकाम्या हातांनी पुढे चालायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. पेटी पुन्हा कार्मीनचीच.

२६ ऑक्टोबर

डॉक्टरांनी दुर्बिणीतून मान वर केली तेव्हा मिशी होती त्यापेक्षा मोठी वाटली. "मी म्हटलंच होतं! अंकुशकृमी. आतड्याला आकड्यासारखा लटकतो आणि रक्त पितो. शेकड्यांनी आहेत. माती खाते का?"

"माती नाही. खापरी खाते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

मला वाटले होते, ती आवड आहे.

उपाय दोन टप्प्यांत. आधी लोहाच्या गोळ्या, रोज, रक्त भरेपर्यंत. जंतांचे औषध जहाल आहे, इतक्या अशक्त माणसाला आत्ताच देता येत नाही. महिन्याने ते. छातीचा फोटो नको. आणि हा किडा तोंडाने जात नाही. घाणीच्या ओल्या मातीतून पायांच्या कातडीत शिरतो. तेव्हा परसाकडेला खड्डा खणा आणि पायात चपला.

म्हटले, "चपला आहेत हो! माळ्यावर! घालत नाही. हट्ट."

गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट तिला आवर्जून सांगायला सांगितली. ती संध्याकाळी सुंठीला सांगायला बसलो, पण शब्द जुळेनात. मांजरालाही काही गोष्टी ऐकायला लाज वाटावी. कार्मीन कट्ट्याहून परस्पर भावाकडे वेंगुर्ल्याला गेली आहे. राहू दे. औषधाशी त्या गोष्टीचा तसा संबंध नाही, नुसती रंगाची बाब आहे. गोळ्या पोचल्या हे महत्त्वाचे.

१ नोव्हेंबर

खड्डा खणतो आहे. बागेच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब. हातांना फोड आले. वाडीत बातमी अशी की दत्तारामाला कुणाच्या तरी वेळचे पुरलेले सोने लागले आहे. धोंडू कट्ट्याहून मुद्दाम पाहायला आला. "किती खोल गेलास?"

"कमरेएवढा."

"काय गावला?"

"अजून टाकायचं आहे, गावायचं नाही."

त्याला ते पटले नाही. जाताना मुठीत माती घेऊन वास घेतला.

८ नोव्हेंबर

खड्डा झाला. वर फळ्या, भोवती माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा, शेजारी राखेची डबडी. मी नवे घर बांधले असते तरी एवढा अभिमान वाटला नसता. उद्घाटन स्वतःच केले. भाषण झाले नाही.

नर्मदेच्या चेहऱ्यावर मात्र काही फरक नाही. उलट आज विहिरीवर बसली ती उठेना. शेवटी कार्मीनने कळशी आणली.

१४ नोव्हेंबर

कोंबडी मेली. काही विशेष नाही म्हणून सोडून दिले असते, पण ती जिथे उकिरडा उकरत होती तिथे राखेत गोळ्या. लोहाच्या. मूठभर तरी असतील.

मला राग आला तो असा की विडी उलटी तोंडात धरली. सुंठीला समोर बसवून सुनावले. "सुंठे, या घरात काही लोक उन्हातान्हात कट्ट्याला जातात, खड्डे खणतात, हाताला फोड आणतात. आणि काही लोक औषध उकिरड्यावर टाकतात. त्या लोकांना रेडीला जायची घाई असेल तर तसं सांगावं. थोरले अडवणार नाहीत."

सुंठी पंजा चाटत होती. आतून ताट आले, नेहमीसारखे, उंबरठ्यावर सरकवलेले. वर भाजलेला बांगडा. घरात एकच होता, मीच आणला होता.

शेवटचे वाक्य बोलायला नको होते.

१५ नोव्हेंबर

आज सकाळी मी तो कायदा मोडला.

माजघरात गेलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. दार अर्धे लोटलेले, पलीकडे ती. सुंठी दोघांच्या मध्ये उंबरठ्यावर बसली होती. तिला पायाने बाजूला सारले. ती इतकी चकित झाली की ओरडलीही नाही.

"नर्मदा," मी म्हटले. एवढ्या वर्षांत तिचे नाव मी तिच्यासमोर कधी घेतले नव्हते. मालवणीत बोललो, प्रमाण भाषेत हा प्रश्न विचारता आला नसता. "गोळये कित्याक सोडलंस?"

चुलीतले लाकूड तडकले.

"चव वायट आसा?"

काही नाही.

"पोटात दुखता?"

मी तसाच उभा राहिलो. जायचे नाही असे ठरवून आलो होतो. पेज उतू गेली, ती तिने उतरवली, झाकण ठेवले, आणि मग दारामागून, मांजराला नाही, मला:

"काळा जाता."

"काय?"

"काळा... डांबरासारख्या. पयल्या गोळयेपासून. माका वाटला, आतडी जळली. माझी आवय मरताना असाच..." आईच्या आठवणीने पुढचे शब्द पदरात गेले.

मी उंबरठ्यावरच बसलो. ही, नेमकी हीच गोष्ट डॉक्टरांनी सांगायला सांगितली होती. 'शौच काळं होईल, घाबरू नये म्हणावं.' नुसती रंगाची बाब! लाज मला वाटली आणि मरायला ती बसली होती. गोळी घेऊन मरायचे की न घेता मरायचे, एवढाच तिचा हिशेब होता. मी इकडे मांजराला व्याख्यान देत होतो.

म्हटले, "अगो, ती लोखंडाची गोळी. रक्त लोखंडान होता. तू रेडयेची. धक्क्यार बघलंस मां, तुझो भाव होडयेत काय भरता? कसल्या रंगाचा असता ता?"

"तांबडा."

"हां... तांबडाच. पण तव्याचा लोखंड? तवो कसलो?"

"काळो."

"मगे! पोटात तवो गेलो तर काळाच येतला!"

मग दारामागून एक आवाज आला, तो मला आधी खोकला वाटला. ती हसत होती. "मगे आवशीचा?"

"तुझ्या आवशीन लोखंडाचे गोळये खाल्ल्यान हुते?"

"नाय."

"मगे तिचा वेगळा."

लग्न होऊन आल्यापासून माझ्या भावजयीने माझ्याशी काढलेला पहिला शब्द 'काळा' हा. यापुढे माझ्या लेखांत मी कुणालाही अश्लील म्हणणार नाही.

२ डिसेंबर

गोळ्या चालू आहेत. मोजत नाही, तिने तसे सांगितले आहे, "मोजू नको म्हणान सांग" असे, सुंठीला. सवयीने आम्ही दोघेही पुन्हा मांजरावर आलो, पण आता ते दोघांच्या सोयीचे आहे, सक्तीचे नाही. अडले की थेट बोलतो. काल "मीठ संपला" थेट आले.

नखांना रंग आला असे कार्मीन म्हणते. मी नखे पाहू शकत नाही, कळशी पाहतो. आज ती एका दमात आली.

६ डिसेंबर

आज नर्मदेच्या जंतांच्या औषधाचा दिवस. डॉक्टरांची आज्ञा: आदल्या दिवसापासून तेल नाही, खोबरे नाही. मालवणी घरात खोबरे बंद म्हणजे देवळात देव बंद. तिच्या एकटीसाठी वेगळे कसे करणार, म्हणून मीही तेच खाल्ले. भात आणि बिनखोबऱ्याची फुटी कढी. मी तक्रार केली नाही. फक्त एकदा केली.

सकाळी उपाशीपोटी, घरी आलेल्या डॉक्टरांच्या समोर तिने कॅप्सुला गिळल्या. डोळे बशीएवढे मोठे करून. दुपारपर्यंत कार्मीन तिच्या उशाशी. चक्कर आली, घाम आला. मी पडवीत आणि अंगणाच्या खळ्यात येरझारा घालत होतो. मध्येच कार्मीन बाहेर आली.

"बाब, बसा बघू. तुमका बाळ होवचा नाय आज."

संध्याकाळी नर्मदेने पेज मागितली. थेट.

७ डिसेंबर

कार्मीनला म्हटले, "आता तू तिला सांग. चपला घाल म्हणावं. पुन्हा तेच किडे पायातून शिरले तर सगळं फुकट. मी किती वेळा सुंठीला सांगितलं. हट्टी बाई."

कार्मीनने कमरेवर हात ठेवले. "हट्टी? खंय घालतली ती चपला? पडवेर तुमी. खळ्यात तुमी. मागीलदारी तुमी. बागेत तुमी. थोरल्या दिरासमोर पायात चपला घालून चललेली बायल ह्या वाडयेत तुमी बघलास कधी? मी किरिस्तांव, माका कोणी विचारणा नाय. तिका?"

मी जगाच्या जोड्यांवर लेख लिहिले आहेत. पुढाऱ्यांच्या, मामलेदाराच्या, मुंबईकर चाकरमान्यांच्या.

दुपारी माळ्यावर चढलो. चपला काढल्या, बुरशी पुसली, खोबरेल लावून उन्हात ठेवल्या. आणि संध्याकाळी मागीलदारी, उंबरठ्याच्या बाहेर, बोटे बागेकडे करून मांडल्या.

मग पडवीत येऊन निरोप पाठवला. "सुंठे, सांग. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ थोरले पडवीत भिंतीकडे तोंड करून वाचत बसणार आहेत. आणि वयोमानाने त्यांचे कान गेलेत. चपलांसारखे बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाहीत."

८ डिसेंबर

सकाळी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीला पोपडे आले आहेत, इतकी वर्षे लक्षात आले नव्हते. मागीलदारी काही वेळ काहीच नाही. मग चट्. मग खूप वेळ थांबून आणखी एकदा चट्. मग चट् चट् चट्, विहिरीकडे.

मला काहीही ऐकू आले नाही.

१६ डिसेंबर

पुन्हा तपासणी. सकाळी कार्मीनला हाक मारायला उठलो तर नर्मदा पडवीत उभी. पदर पुढे ओढलेला, नजर जमिनीवर. हात पुढे. हातात केळीच्या पानाची पुडी.

"आज माझीच आसा," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी घेतली.

कट्ट्याला धोंडूने पुन्हा खिशाकडे पाहिले. मी आपणहून म्हणालो, "धोंडू, यात काड्या नाहीत. माझ्या भावजयीचं शौच आहे. डॉक्टरांना दाखवायला नेतो आहे. तुझंही आणून दे, मी पोचवीन." तो पुढचे सबंध मिनिट विडी ओढायची विसरला. मग हळूच मुलाचे सांगू लागला, "माझ्या झिलाचा पोट खूप दिस..."

डॉक्टर म्हणाले, "साफ."

मी विचारले, "नक्की तिचीच का?"

२२ डिसेंबर

सत्यवान आला. वळकटी खाली ठेवण्याआधी त्याने घराकडे असे पाहिले, जणू आत आजारी माणूस नसून उत्तर आहे. नर्मदा त्याच वेळी विहिरीवरून येत होती. कमरेवर कळशी, पायात चपला, दम नाही. मला पाहून चपला काढायला वाकली. मी भिंतीकडे तोंड फिरवले. सत्यवानाला वाटले, दादाला वेड लागले.

जेवताना तो चाचरत म्हणाला, "दादा, मी लिहिलं होतं... रेडीचं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून नर्मदेचा आवाज, मांजराला नाही, सगळ्यांनाच:

"जावया की रेडयेक. भावाक बघून खूप दिस झाले. चार दिस रवया आणि परत येवया. माडांका पाणी कोण घालतला?"

सत्यवानाचा घास हातात राहिला. बायको थोरल्या दिरासमोर बोलली म्हणून, की काय बोलली म्हणून, मला कळले नाही. "बरा," तो म्हणाला, आणि सोलकढी मागितली. खोबऱ्याची होती.

२४ डिसेंबर

सकाळच्या गाडीने दोघे रेडीला गेले. जाताना सुंठीला निरोप: थोरल्यांची पेज झाकून ठेवली आहे.

पलीकडे कार्मीनकडे नाताळची धांदल. नेवऱ्यांचा, म्हणजे त्यांच्या करंज्यांचा, वास गडगा ओलांडून येतो. ती आत कुणाला तरी ओरडत होती, कायतान घरी आला असावा.

बाजारातून आणलेली काडेपेटी तिच्या पडवीत, क्रुसाखालच्या मेणबत्तीशेजारी ठेवून आलो. हाक मारली नाही. तिने मला पेटी दिली होती ती भरलेली होती. मीही भरलेलीच परत केली.